क्रियापद दुसऱ्या जागी: मराठीतून नॉर्वेजियन वाक्याकडे

१९०५ साली कलकत्त्याहून ‘भारतीय भाषा सर्वेक्षणा’चा सातवा खंड प्रसिद्ध झाला. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या या प्रचंड कामातला हा खंड सगळाच्या सगळा मराठीला वाहिलेला आहे. प्रमाण मराठीबरोबर कोकणी, वऱ्हाडी, नागपुरी, हळबी यांचे नमुने आणि त्यांच्या व्याकरणाचे आराखडे त्यात आहेत. तो तयार केला होता नॉर्वेच्या स्टेन कोनो या अभ्यासकानं. पुढच्याच वर्षी आलेला मुंडा आणि द्राविड भाषांचा चौथा खंडही कोनो यांचाच, आणि त्यात गोंडी व कोलामीची नोंद आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसांच्या तोंडी असलेल्या भाषांची वाक्यं कशी बांधली जातात, हे एका नॉर्वेजियन माणसानं शंभराहून अधिक वर्षांपूर्वी असं मांडून ठेवलं. आपल्याकडून उलट दिशेचं काम फारसं झालेलं नाही. मराठी बोलणाऱ्या नवशिक्याला नॉर्वेजियन वाक्य कसं दिसतं, त्यातलं काय सोपं, काय अवघड आणि सुरुवात कुठून करावी, या प्रश्नाचा हा आढावा.

प्रश्न केवळ हौसेचा नाही. नॉर्वेची लोकसंख्या साधारण ५५ लाख, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याएवढी. पण संगणक, तेल आणि जहाजबांधणी या क्षेत्रांतल्या कामासाठी मराठी कुटुंबं तिथं जातात. तिथल्या पदवी अभ्यासक्रमांची मुख्य भाषा नॉर्वेजियन आहे, आणि डॉक्टर किंवा परिचारिका म्हणून काम करायचं तर ती यावीच लागते. २०२२ मध्ये नागरिकत्वासाठी लागणारी बोलण्याची पातळी प्राथमिक ‘ए-२’वरून मध्यम ‘बी-१’पर्यंत वाढवण्यात आली. थोडक्यात, इंग्रजीवर काही महिने निभावतात. आयुष्य उभं करायचं तर वाक्य नॉर्वेजियनमध्ये बांधता आलं पाहिजे.

महागावची भाषिक जमीन

यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातला विद्यार्थी एका भाषेत वाढलेला नसतो. बंजारा तांड्यावरचं मूल घरी गोरमाटी बोलतं, बाजारात वऱ्हाडी ऐकतं, शाळेत प्रमाण मराठी लिहितं आणि मोबाइलवर हिंदी पाहतं. जिल्ह्यात गोंडी आणि कोलामी आहेत, दखनी उर्दू आहे, आणि पैनगंगेच्या खालच्या अंगानं गेलं की तेलुगूचा प्रदेश फार लांब नाही. यांतल्या काही भाषा आर्य कुळातल्या, काही द्राविड. तरी वाक्याचा सांगाडा सगळ्यांचा जवळपास सारखाच आहे: आधी कर्ता, मग कर्म, आणि शेवटी क्रियापद. ‘तुझं नाव काय आहे?’ म्हणताना ‘आहे’ शेवटी येतं, तसंच गोरमाटीत ‘तारो नाम कांई छ?’ म्हणताना ‘छ’ शेवटी येतं.

हा योगायोग नाही. कोलामीचं व्याकरण १९५५ मध्ये पुस्तकरूपानं मांडणारे मरे एमेनो यांनी पुढच्याच वर्षी भारत हा एक ‘भाषिक प्रदेश’ असल्याचा सिद्धांत मांडला. वेगवेगळ्या कुळांतल्या भाषा शेकडो वर्षं शेजारी नांदल्या की त्यांची रचना एकमेकींसारखी होत जाते, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे महागावचं मूल चार भाषा सहज बोलतं, पण चारही भाषांत त्याचं क्रियापद शेवटीच थांबतं. नॉर्वेजियनमध्ये नेमकी हीच सवय मोडावी लागते.

पहिला नियम: दुसरी जागा क्रियापदाची

‘मी आज महागावला जातो’ हे वाक्य घेऊ. नॉर्वेजियनमध्ये ते असं होईल: ‘यॅइ रॅइसर तिल महागाव इ दाग.’ ‘यॅइ’ म्हणजे मी, ‘रॅइसर’ म्हणजे प्रवास करतो, ‘तिल’ म्हणजे कडे, ‘इ दाग’ म्हणजे आज. इथपर्यंत इंग्रजीसारखंच वाटतं. आता ‘आज’वर जोर देऊन तो शब्द पुढे आणू. इंग्रजी शिकलेला माणूस ‘इ दाग यॅइ रॅइसर’ म्हणेल, आणि तिथंच चुकेल. बरोबर वाक्य आहे: ‘इ दाग रॅइसर यॅइ तिल महागाव.’ ‘महागावला’ पुढे आणलं तर: ‘तिल महागाव रॅइसर यॅइ इ दाग.’ पहिल्या जागी कर्ता येवो, वेळ येवो की ठिकाण, क्रियापद दुसऱ्या जागेवरून हलत नाही. मळणीच्या खळ्यात मधोमध रोवलेल्या तिवड्यासारखं ते जागेवर राहतं आणि बाकीचे शब्द त्याच्याभोवती फिरतात. कर्ता पहिल्या जागी नसेल तर तो क्रियापदाच्या लगेच मागे येतो.

इथं ‘दुसरी जागा’ म्हणजे दुसरा शब्द नव्हे, दुसरा घटक. ‘तिल महागाव’ हे शब्द दोन, पण घटक एक. नवशिक्याची पहिली मोठी गफलत इथं होते.

हा नियम जर्मन, डच, स्वीडिश, डॅनिश, आइसलँडिक या सगळ्या भगिनीभाषांत आहे. इंग्रजीनं तो जवळजवळ टाकून दिला. भारतात तो काश्मिरीत आहे. म्हणजे ही रचना आपल्या उपखंडाला परकी नाही, फक्त आपल्या पट्ट्यात नाही.

मराठीला असा नियम लागत नाही, कारण आपल्याकडे नातं प्रत्यय सांगतात. ‘मांजराला कुत्रा दिसतो’ आणि ‘कुत्रा मांजराला दिसतो’ यांत कोण कुणाला पाहतं ते बदलत नाही, कारण ‘ला’ मांजराला चिकटलेला आहे. नॉर्वेजियन नामाला असा विभक्तीचा प्रत्यय नाही. ‘हुन्नन सेर कात्तन’ म्हणजे कुत्रा मांजराला पाहतो, आणि ‘कात्तन सेर हुन्नन’ म्हणजे मांजर कुत्र्याला पाहतं. शब्द तेच, प्रत्यय काही नाहीत, सगळा अर्थ जागेनं ठरला. मराठी वाक्य प्रत्ययांवर उभं असतं, नॉर्वेजियन वाक्य जागांवर. हे एकदा मनात पक्कं बसलं की पुढचे बरेच नियम आपोआप लागतात.

डॅनिश व्याकरणकार पॉल डीडरिक्सन यांनी १९४६ च्या आपल्या व्याकरणात याच जागांचा तक्ता मांडला: वाक्याचा पुढचा भाग, मधला भाग आणि शेवटचा भाग, आणि प्रत्येकात ठरलेले कप्पे. थोड्याफार बदलानं हा तक्ता नॉर्वेजियनच्या वर्गांतही वापरला जातो. प्रत्ययांच्या भाषेतून आलेल्या विद्यार्थ्याला त्याच्याइतकं उपयोगी साधन दुसरं नाही. वहीत रकाने आखून वाक्यं भरत गेलं की क्रम हाताला लागतो.

‘नाही’ कुठे ठेवायचं

‘इक्के’ म्हणजे नाही. साध्या वाक्यात तो क्रियापदानंतर येतो: ‘हान कॉमर इक्के’, तो येत नाही. इथं मराठी माणसाला आपल्या घरी आल्यासारखं वाटतं, कारण आपणही क्रियापदानंतरच ‘नाही’ म्हणतो. इंग्रजीतलं मधलं साहाय्यक क्रियापद इथं लागत नाही. ‘शकणे’, ‘पाहिजे’ अशा अर्थाचं क्रियापद आलं की तेच दुसरी जागा घेतं आणि मूळ क्रियापद पुढच्या कप्प्यात जातं: ‘यॅइ कान इक्के कॉमे इ दाग’, मी आज येऊ शकत नाही.

खरी अडचण गौण वाक्यात येते. ‘मला माहीत आहे की तो येत नाही’ हे होतं ‘यॅइ वेत आत हान इक्के कॉमर’. ‘आत’ म्हणजे की. त्याच्या मागे लागलेल्या वाक्यात ‘इक्के’ उडी मारून क्रियापदाच्या आधी आला. मुख्य वाक्यात ‘कॉमर इक्के’, गौण वाक्यात ‘इक्के कॉमर’. जर, कारण, जेव्हा अशा शब्दांनी सुरू होणाऱ्या गौण वाक्यांनाही हाच क्रम लागतो.

परकी भाषा शिकणारे वाक्याचे क्रम कोणत्या टप्प्यांनी आत्मसात करतात, यावर मानफ्रेड पीनेमान यांनी जर्मनच्या आधारे सिद्धांत मांडला आणि पुढे स्वीडिशवरही तो तपासला गेला. त्याचं सार असं: आधी कर्ता-क्रियापद-कर्म हा सरळ क्रम येतो, मग शिकणारा वेळ किंवा ठिकाण पुढे आणू लागतो, पण क्रियापद मागेच राहतं, नंतर क्रियापद दुसऱ्या जागी येऊ लागतं, आणि गौण वाक्यातला नकार सगळ्यांत शेवटी बसतो. शिक्षकांनी हे लक्षात घेतलं तर पहिल्याच महिन्यात गौण वाक्यातल्या चुकांवर लाल शाई खर्च होणार नाही. चूक आहे म्हणून मूल मागे पडलं, असं नसतं. अनेकदा ते वाटेवरच्या योग्य टप्प्यावर असतं.

प्रश्न आणि उत्तर

हो-नाहीचा प्रश्न विचारायचा तर क्रियापद पहिल्या जागी आणायचं: ‘कॉमर दू?’ येतोस का? मराठीत शेवटच्या ‘का’चं काम इथं जागा करते. प्रश्नार्थक शब्द असेल तर तो पहिला, क्रियापद दुसरं: ‘वूर बूर दू?’ कुठं राहतोस? ‘वा हेतर दू?’ तुझं नाव काय? दुसऱ्या जागेचा नियम इथंही टिकला.

होकारासाठी नॉर्वेजियनमध्ये दोन शब्द आहेत. साध्या प्रश्नाला ‘या’, आणि नकारात्मक प्रश्नाला खोडून होकार द्यायचा तर ‘यू’. ‘येत नाहीस का?’ या प्रश्नावर आपण ‘येतो ना!’ म्हणतो, तिथल्या ‘ना’चं काम ‘यू’ करतो.

‘दू’ सर्वांना चालतो, शिक्षकाला आणि साहेबालाही. आदरार्थी रूप जुन्या पुस्तकांत आहे, पण रोजच्या बोलण्यातून जवळपास गेलं. तुम्ही, आपण, अहो यांत वाढलेल्याला वडीलधाऱ्यांना ‘दू’ म्हणणं सुरुवातीला जड जातं. तिथं आदर सर्वनामात नसतो, सुरात आणि वागण्यात असतो, हे ध्यानात ठेवावं.

कर्त्याशिवाय वाक्य नाही

मराठीत ‘येतोस’ एवढं म्हटलं तरी कोण ते कळतं, कारण क्रियापदच पुरुष, लिंग, वचन सांगतं. नॉर्वेजियन क्रियापद यांतलं काहीच सांगत नाही. मी, तू, तो, आम्ही, ते, सगळ्यांना ‘कॉमर’. आहे, आहेस, आहोत, आहात या सगळ्यांना एकच ‘ॲर’. रूपं पाठ करण्याचं ओझं गेलं, पण त्याची किंमत म्हणून कर्ता बोलून दाखवावाच लागतो. खरा कर्ता नसेल तर नावापुरता ‘दे’ ठेवतात: ‘दे रॅइनर’, पाऊस पडतोय. ‘दे ॲर मांगे स्प्रोक इ महागाव’, महागावात पुष्कळ भाषा आहेत.

आपली ‘मला’ची वाक्यं इथं पार बदलतात. मला आंबा आवडतो: ‘यॅइ लीकर मांगो.’ मला भूक लागली आहे: ‘यॅइ ॲर सुल्तन.’ मला दोन मुलं आहेत: ‘यॅइ हार तू बाण.’ आवड, भूक, मालकी आपल्याकडे माणसाला येऊन लागतात. तिथं माणूसच कर्ता होतो. हीच गोष्ट भूतकाळाची. ‘मी पुस्तक वाचलं’, ‘मी पोथी वाचली’ यांत आपलं क्रियापद कर्माचं लिंग पाहतं, आणि ‘त्याने’ म्हणताना कर्त्याला प्रत्यय लागतो. नॉर्वेजियनमध्ये ‘यॅइ लेस्ते’ आणि ‘हान लेस्ते’, पुढे काहीही असो.

जिथं मराठीच कामाला येते

आता दुसरी बाजू. नॉर्वेजियन आधी इंग्रजीतून समजून घ्यावी, हा सल्ला सरसकट दिला जातो. शब्दसंग्रहापुरता तो बरोबर आहे: ‘हूस’ म्हणजे घर, ‘बूक’ म्हणजे पुस्तक, ‘कॉमे’ म्हणजे येणे, इंग्रजी जाणणाऱ्याला हे शब्द ओळखीचे वाटतात. व्याकरणाच्या बाबतीत मात्र किमान चार ठिकाणी मराठी विद्यार्थी इंग्रजी भाषकापेक्षा पुढे असतो.

पहिलं, लिंग. नामांची तीन लिंगं आहेत: ‘एन बील’ म्हणजे एक गाडी, ‘ॲइ बूक’ म्हणजे एक पुस्तक, ‘एत हूस’ म्हणजे एक घर. निर्जीव वस्तूला लिंग असतं, ते तर्कानं कळत नाही आणि नामाबरोबरच शिकावं लागतं, हे मराठी मुलाला वेगळं सांगायला नको. पुस्तकी भाषेत स्त्रीलिंगी नामाला ‘एन’ लावण्याचीही मोकळीक आहे, त्यामुळे सुरुवात दोन लिंगांवरही भागते.

दुसरं, विशेषण. मोठा वाडा, मोठी गाडी, मोठं घर असं आपलं विशेषण बदलतं. तिथंही ‘एन स्तूर बील’, पण ‘एत स्तूट हूस’, आणि अनेकवचनात ‘स्तूरे बीलर’.

तिसरं, नामाच्या शेवटी लागणारं चिन्ह. ‘ती ठरावीक गाडी’ म्हणायला वेगळा शब्द पुढे लागत नाही, नामालाच शेपूट लागतं: बील, बीलन, बूक, बूका, हूस, हूसे. अनेकवचनात बीलर, बीलने. नामामागे प्रत्यय जोडणं आपल्या हाडीमाशी आहे. फक्त विशेषण आलं की निश्चितपणा दोनदा सांगावा लागतो: ‘देन स्तूरे बीलन’, ती मोठी गाडी.

चौथं, आणि सगळ्यांत मोलाचं, ‘आपला’. ‘तो आपलं पुस्तक वाचतो’ आणि ‘तो त्याचं पुस्तक वाचतो’ यांत आपण भेद करतो. नॉर्वेजियन अगदी तोच भेद करते: ‘हान लेसर बूका सी’ म्हणजे स्वतःचं, ‘हान लेसर बूका हान्स’ म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी. इंग्रजीत ही सोय नाही, म्हणून इंग्रजीतून शिकवणारी पुस्तकं यासाठी पानंच्या पानं खर्च करतात. मराठीत ते एका ओळीत सांगता येतं. फरक एवढाच की हे ‘सी’ फक्त तिसऱ्या पुरुषासाठी आहे. ‘मी आपलं काम करतो’ला ते चालत नाही.

उच्चारांतही आपल्याला देणगी आहे. पूर्व नॉर्वेच्या बोलण्यात ‘र’ पुढच्या व्यंजनात मिसळून मूर्धन्य ध्वनी होतात. मुलाला म्हणतात ‘बाण’, नकाशाला ‘काट’, आणि भाषेचं स्वतःचं नाव उच्चारतात ‘नॉष्क’. ट, ण, ष हे आपले रोजचे वर्ण आहेत.

दोन लेखनपद्धती आणि बोलींचा मान

नवशिक्याला लवकरच कळतं की लिखित नॉर्वेजियन दोन आहेत, ‘बूकमोल’ आणि ‘नीनॉष्क’. चारशेहून अधिक वर्षं नॉर्वे डेन्मार्कशी बांधलेला होता आणि लिखाणाची भाषा डॅनिश झाली होती. १८१४ मध्ये तो संबंध तुटल्यावर आपली भाषा कोणती, हा प्रश्न उभा राहिला. १८१३ साली एका लहान शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या ईवार ओसेन यांनी गावोगाव हिंडून बोली गोळा केल्या, १८४८ मध्ये लोकभाषेचं व्याकरण आणि १८५० मध्ये कोश छापला. त्यातून नीनॉष्क उभी राहिली. डॅनिशचं हळूहळू नॉर्वेजियनीकरण होऊन बूकमोल झाली. १८८५ मध्ये संसदेनं दोन्हींना समान दर्जा दिला. आजची नावं १९२९ ची.

आपल्याकडे दादोबा पांडुरंग तर्खडकर ओसेन यांचे जवळजवळ समवयस्क, जन्म १८१४ चा. त्यांचं मराठी व्याकरण १८३६ मध्ये आलं. दोघांनीही आपापल्या समाजाला स्वतःच्या भाषेचे नियम दिले. पण पुढची वाट वेगळी झाली. आपल्याकडे एक प्रमाण रूप ठरलं आणि ‘मले’, ‘तुले’, ‘करून रायलो’ म्हणणारा वर्गात अशुद्ध ठरला. नॉर्वेत बोलण्याची एकच अधिकृत प्रमाण पद्धत नाही. लोक संसदेत आणि दूरचित्रवाणीवरही आपापली बोली बोलतात. महागावच्या मुलानं नॉर्वेजियन शिकताना ही गोष्ट व्याकरणाइतकीच मनावर घ्यावी. शिकायला बूकमोल घ्यावी, कारण बहुतेक शाळा आणि पाठ्यपुस्तकं तिचीच आहेत. ऐकायची तयारी मात्र अनेक बोलींची ठेवावी. वऱ्हाडी आणि पुस्तकी मराठी यांच्यात रोज ये-जा करणाऱ्याला ती सवय असतेच.

साधनं काय, उणीव कुठं

घरबसल्या सुरुवात करायला साधनं पुरेशी आहेत. ट्रॉन्हाइमच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाचा नवशिक्यांसाठीचा ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत आहे. ड्युओलिंगोवर बूकमोल आहे. पहिल्यात व्याकरण नीट समजावलेलं आहे, दुसऱ्यात सराव भरपूर पण नियमांचं स्पष्टीकरण तुटपुंजं. दोन्ही इंग्रजीच्या आधारानं चालतात. त्यामुळे गावातला मराठी माध्यमाचा विद्यार्थी दोन परक्या भाषांशी एकाच वेळी झुंजतो, आणि ‘सी’सारखी त्याला आधीच येणारी गोष्ट इंग्रजीच्या अडचणीतून अवघड करून शिकतो.

मराठीतून शिकवायचं तर क्रम वेगळा लावावा लागेल. आधी जागांचा तक्ता आणि दुसऱ्या जागेचा नियम, तोही अवघ्या दहा-बारा क्रियापदांवर. मग कर्ता बोलण्याची सवय आणि ‘दे’. त्यानंतर नकार आणि प्रश्न. लिंग, शेपूट आणि विशेषण थोडक्यात, कारण ती जमीन नांगरलेली आहे. ‘आपला’ एका बैठकीत. भूतकाळाची रूपं सावकाश. गौण वाक्यातला ‘इक्के’ सगळ्यांत शेवटी. इंग्रजी पुस्तकांत याच्या जवळजवळ उलट वजन असतं: लिंगावर आणि शेपटावर लांबलचक प्रकरणं, आणि क्रमावर घाईत उरकलेली पानं.

असं चाळीस-पन्नास पानांचं मराठी पुस्तक लिहिणं अवघड नाही. नॉर्वेत स्थिरावलेले मराठी लोक, इथले मराठीचे शिक्षक आणि भाषाविज्ञानाचे विद्यार्थी यांनी मिळून ते करता येईल. त्यात उदाहरणं वऱ्हाडी आणि गोरमाटीचीही असावीत, म्हणजे तांड्यावरच्या मुलीला कळेल की घरी ती बोलते त्या भाषेलाही व्याकरण आहे आणि ते व्याकरण तिला जगात कुठंही उपयोगी पडतं. कोनो यांना वऱ्हाडीचं व्याकरण लिहिण्याजोगं वाटलं होतं. आपल्या मुलांना युरोपातली भाषा शिकवताना आपणही त्याच व्याकरणापासून सुरुवात करावी.